शिरेतून सोमल

ब्रश बदलला

दात घासताना ब्रश लाल झाला तेव्हा मी ब्रशला शिव्या दिल्या. मऊ केसांचा नवा आणला. तोही लाल. मग पाळी आली ती थांबायचं नाव घेईना. पोटऱ्यांवर, दंडांवर निळे-जांभळे डाग उठले, कुठं आपटल्याचं आठवत नसताना.

घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. मान वर न करता ते म्हणाले, "उन्हातान्हात मोर्चे घेऊन फिरता. बायकांना होतं असं. बीट खा, डाळिंब खा, आराम करा." टॉनिकची बाटली हातात पडली. पुन्हा गेले, पुन्हा बीट, पुन्हा डाळिंब. करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून मामानं डाळिंबाचं खोकं पाठवलं. मी इमानदारीनं खाल्लं. शेवटी शेवटी थुंकीत जे लाल दिसायचं ते रक्त की डाळिंब, तेही कळेना.

आधीच सांगून टाकते, कारण मला गोल गोल लिहिता येत नाही. माझ्या जिवावर बेतलं ते एका साध्या रक्ततपासणीच्या अभावी. बोटभर नळीत रक्त घ्यायचं आणि पेशी मोजायच्या. सोलापुरात गल्लोगल्ली होते ती. कुणी सांगितलीच नाही.

मी संघमित्रा, घरात मित्रा. बाबा गेल्यापासून आई, दादा आणि मी. दादा टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात आहे. आमचा एक छोटा गट आहे. कारखान्यातल्या बायकांना संडास नाही, नळाला पाणी नाही, असल्या गोष्टींवर आम्ही भांडतो आणि त्याची पत्रकं मी लिहिते. गटाचा एकच नियम कडक आहे. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठलंही पत्रक छापायला जात नाही. हा नियम पुढे मलाच कोंडीत पकडणार होता, म्हणून आताच सांगून ठेवते.

माझ्या दंडावरचे डाग पहिल्यांदा पाहिले ते अंबादासनं. हा आमच्या गटातला माझा जोडीदार. घर विणकरांचं, घरात तेलुगू, आणि मला तो अक्का म्हणतो, वयानं माझ्याएवढाच असून.

"अक्का, पोलिसांनी मारलं?"

"नाही रे. आपोआप उठलेत."

"आपोआप कसं उठेल? घाबरू नको, नाव सांग." तोवर त्यानं मोबाईल काढून फोटोही घेतला होता. "दडपशाहीवर पत्रक काढू."

"अरे, मला कुणी हातही लावलेला नाही!"

"मग तर चौकशीच लावायला पाहिजे," तो म्हणाला. आम्ही असे लोक आहोत. डाग दिसला की आधी आरोपी शोधतो.

आधी कॅप्सूल

एका सभेत बोलताना नाकातून रक्त आलं. रुमाल भरला, अंबादासचा पंचा भरला, तरी थांबेना. तिथून मला थेट मोठ्या दवाखान्यात नेलं.

रक्ताच्या डॉक्टर मॅडम बुटक्या, भरभर चालणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या हिरड्या बघितल्या, डाग बघितले, रक्ताचा थेंब काचेवर ओढून घेतला आणि स्वतःच सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसल्या. परत आल्या त्या हातात कॅप्सूल घेऊन.

"मित्रा, हा रक्ताचा कॅन्सर आहे. याला एपीएल म्हणतात. तू आधी ही घे, माझ्यासमोर. प्रश्न नंतर."

"पण रिपोर्ट?"

"पक्का रिपोर्ट यायला वेळ लागेल. तुझं रक्त तेवढं थांबणार नाही."

गेली कित्येक वर्षं मी बायकांना सांगत आले, कागद मागा, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आणि मी ती कॅप्सूल न वाचता, न विचारता गिळली. पाणी पिताना निम्मं ओढणीवर सांडलं. कॅन्सर हा शब्द मला कळलाच नव्हता त्या वेळी. 'माझ्यासमोर' एवढंच कळलं. जी बाई गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही, तिला काहीतरी भयंकर दिसलेलं असतं.

मग तपासायला कुल्ह्याच्या हाडातून मगज काढला. दुखतं का? दुखतं. सुई जाताना नाही, मगज ओढताना. आतून कुणीतरी आपलं नाव घेऊन ओढतंय असं वाटतं. पण ते थोडा वेळच. हे वाचणाऱ्या कुणाची तपासणी उद्या असेल तर जरूर जा, भिऊ नका. ओरडावंसं वाटलं तर ओरडा. मी ओरडले.

संध्याकाळी मॅडमनी आम्हा तिघांना समजावून सांगितलं. हाडाच्या मगजात एकाच प्रकारच्या मूळ पेशी असतात. त्यांच्या पोटी सगळं रक्त जन्मतं. काही पेशी लाल होतात आणि हवा वाहतात, काही रक्त गोठवायचं काम घेतात, काही पांढऱ्या होऊन जंतूंशी लढतात. सगळ्यांच्या आत माहिती तीच, पण जिला जे व्हायचं तेवढीच पानं ती उघडते, बाकीची मिटून ठेवते. नुसतं रक्तच नाही, डोळा, कातडी, काळीज, सगळं असंच घडतं.

"तुझ्या पांढऱ्या पेशी अर्ध्या वाटेवर अडकल्यात," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या होत नाहीत, मरतही नाहीत, नुसती गर्दी करतात. बाकीच्यांना जागा उरत नाही. आणि त्यांच्या पोटातला ऐवज रक्तात सांडला की रक्त गोठायचंच विसरतं."

आई इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती जेऊरकडची, शेतात वाढलेली. हळूच म्हणाली, "म्हंजी पोटरीतच अडाकली."

मॅडमना कळलं नाही. ज्वारीचं कणीस आधी पानांच्या गुंडाळीत भरतं, त्या अवस्थेला पोटरी म्हणतात. ताटाच्या पोटात असतं ते कणीस. मग ते वर येतं, मोकळं होतं, तेव्हा म्हणायचं ज्वारी निसवली. हवामान बिघडलं की कधी कधी ते पोटरीतच कोंडतं. ताट हिरवंगार दिसतं आणि दाणा मिळत नाही.

दादानं विचारलं, "मग मारायच्या ना त्या पेशी? केमो देऊन?"

"तुझ्या बहिणीच्या प्रकारात आम्ही आधी मारायला धावत नाही. त्यांना मोठं करतो. ही कॅप्सूल अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली आहे. अडकलेली पेशी पुढं सरकली की आपलं काम करते आणि वेळ झाली की आपली आपण मरते."

माझा विश्वासच बसेना. मी डोक्यात टक्कल, उलट्या, लढाई, सगळं ठरवून बसले होते. आणि ही बाई सांगतेय, शत्रूला वाढू द्या! आमच्या एकाही घोषणेत हे बसत नाही.

शांतव्वाची कडक भाकरी

वॉर्डात पहिल्या दिवसापासून मनाई सुरू झाली. ब्रश बंद, नुसत्या गुळण्या. नाक शिंकरायचं नाही. कुंथायचं नाही. दंडावर इंजेक्शन नाही. केसांत जोरात कंगवा नाही. टणक काही चावायचं नाही. मी आयुष्यात कुणाची इतकी मनाई ऐकून घेतली नव्हती.

रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या पिशव्या यायच्या, ताकाच्या निवळीसारख्या पिवळट. रक्त लाल असतं एवढंच मला ठाऊक होतं, त्यामुळं पहिली पिशवी बघून मी नर्सशी भांडले, चुकीचं काहीतरी लावताय म्हणून. तिनं शांतपणे पिशवीवरचं लेबल माझ्या डोळ्यांपुढं धरलं. आमच्या विहारातली पोरं रांगेनं रक्त द्यायला आली होती. एकानं तर बाहेर जाऊन सांगितलं, "मित्राताईच्या अंगात आता माझं रक्त आहे, आता ती माझ्यावर ओरडणार नाही." बरी झाल्यावर त्याच्यावर सगळ्यात आधी ओरडले.

कॅप्सूलनं डोकं असं ठणकायचं की कवटीच्या आत कुणी खाट सरकवतंय. ओठ फाटायचे. आणि शेजारच्या खाटेवर शांतव्वा. अक्कलकोटच्या पलीकडची, तोंडात निम्मी कन्नड निम्मी मराठी, आजार रक्ताचाच पण वेगळा. ती कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर कटाकटा चावायची आणि मी बघत बसायची. एकदा तिनं माझ्याकडं पाहिलं, भाकरी वाटीत चुरली, वरणात मऊ भिजवली आणि नर्सला दाखवून मला दिली.

"यव्वा, खा. वॉर्डात कडक मीच बरी."

दुपारी मी रडत होते तर म्हणाली, "होग्ली बिडु." म्हणजे सोडून दे. आजपर्यंत मला कुणी सोडून दे म्हटलं की मी भांडायचे. तिच्याशी नाही भांडले.

दुसरं औषध

पक्का रिपोर्ट आला. रोग तोच. मॅडम म्हणाल्या, "आता कॅप्सूलच्या जोडीला दुसरं औषध, शिरेतून. आर्सेनिक."

मी म्हटलं, "काय?"

"मराठीत सोमल म्हणतात."

दादा झटकन माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. कारण सोमल हा शब्द त्यानं माझ्याच पत्रकात वाचला होता. शुक्रवार पेठेत एक वैद्य ताकदीची पुडी विकायचा. पुडी खाऊन एका कामगार बाईच्या तळपायाची कातडी जाड झाली, हातापायांना मुंग्या आल्या. आम्ही पुडी तपासून घेतली. सोमल निघाला. आणि मी लिहिलं होतं, 'पुडीत ताकद नाही, सोमल आहे! विष विकणाऱ्याला जाब विचारा!' दादानं ते पत्रक कारखान्याच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लावलं होतं.

"हेच विष?" दादा म्हणाला. "गल्लीत विकलं तर गुन्हा, आणि इथं शिरेतून?"

आई उठून माझ्या आणि मॅडमच्या मध्ये उभी राहिली. "वीख न्हाय द्यायचं माझ्या लेकीला. तुमी दुसरं कायबी द्या."

मॅडम चिडतील असं वाटलं. त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मित्रा, तू विचार. जाब विचारता येतो ना तुला?"

मी विचारलं. किती देणार? वजनाप्रमाणं मोजून. हृदयावर परिणाम होतो का? होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढत राहणार. अजून काय बघणार? रक्तातले क्षार, यकृत. काही बिघडलं तर? थांबवणार. कोण थांबवणार? मी. तुम्ही नसलात तर? त्यांनी हाताखालच्या डॉक्टरचं नाव घेतलं आणि त्याला तिथंच बोलावून माझ्यासमोर उभं केलं. आणि हे नाही घेतलं तर? त्या म्हणाल्या, "कॅप्सूल एकटी पुरत नाही. केमो जोडता येईल, पण तुझ्यासाठी मला हे जास्त भरवशाचं वाटतं. काहीच नाही घेतलंस तर तू जाशील."

मी कागद मागितला. सगळा वाचला. सही केली. या खेपेला वाचून केली.

आईला वाटलं होतं सोमल काळा असणार. बाटली लागली तर आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. ती तशीच खाटेपाशी बसून राहिली, थेंबाथेंबाकडं बघत, घरात शिरलेल्या सापाकडं बघावं तशी.

पेशी वाढल्या

आणि मग जे व्हायला नको तेच झालं. पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या सोडून वाढल्या. कैक पटींनी. ताप चढला. खाटेवरून उठून बसले तरी धाप लागायची. पाय असे सुजले की माझी चप्पल पायात जाईना. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला.

दादा रिपोर्टचा कागद हातात घेऊन पायथ्याशी उभा. "औषध चालू झालं आणि रोग वाढला. आता तरी डोळे उघड मित्रा. बाटली काढायला सांग, मी गाडी ठरवतो, पुण्याला जाऊ."

"मॅडमना... येऊ दे."

"तुला वाद जिंकायचाय की जगायचंय?"

यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण श्वास नव्हता.

अशात अंबादास आला. तोंडाला मास्क, हातात कागद, चेहरा अपराधी. चुळबुळ करत म्हणाला, "अक्का, रागावू नको. नियम तुझाच हाय. तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापत नाही म्हणून आणलंय. प्रेसवाला खोळंबलाय."

ते पत्रक होतं. 'आमच्या मित्राताईंना विष देणे बंद करा!!! पुडीत सोमल तो गुन्हा, बाटलीत सोमल तो उपचार???' खाली दवाखान्याच्या फाटकावर निदर्शनांची हाक. दादानं त्याला सगळं सांगितलं होतं, आणि माझ्या गटानं जे येतं ते केलं होतं. आणि माझ्या उपचाराविरुद्धचं पत्रक तपासायला माझ्याकडंच आणलं होतं!

मी मास्क बाजूला केला. "पेन दे."

"अक्का, बरं वाटत नसेल तर..."

"तीन तीन उद्गारचिन्हं कशाला? एकात भागतं." मी दोन खोडली. माझंच वाक्य होतं जवळजवळ, पुडीच्या पत्रकातून उचललेलं. वाचत खाली आले. मागणी पहिली, 'हा उपचार तात्काळ थांबवावा.'

तिथं पेन थांबलं. खरं सांगते, मला कळत नव्हतं. ती ओळ खोडायची की ठेवायची, हे मला खरोखर कळत नव्हतं. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं होतं. रिपोर्ट खोटं बोलत नव्हता. पाय सुजले होते. समोर माझा भाऊ रडत होता, जो बाबा गेल्यावरही माझ्यादेखत रडला नव्हता. ओळ ठेवली असती तर बाटली त्याच संध्याकाळी निघाली असती. माझा होकार हवा होता फक्त.

मॅडम आल्या. त्यांनी माझ्या मांडीवरून तो कागद उचलला आणि उभ्या उभ्या अथपासून इतिपर्यंत वाचला. अंबादास भिंतीत शिरायला जागा शोधत होता.

"भाषा जोरदार आहे," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. तिच्या पेशी अचानक सगळ्या एकदम पुढं सरकायला लागल्यात. असं झालं की त्या फुप्फुसात शिरतात, अंगात पाणी धरतं, धाप लागते. हे औषध लागू पडतंय म्हणून होतंय. पण म्हणून किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही. दुर्लक्ष केलं तर यात माणूस जातो. स्टेरॉइड मी आत्ता सुरू केलंय. उद्या गरज पडली तर ही दोन्ही औषधं मी स्वतः थांबवेन, काही दिवसांपुरती. तिच्या फुप्फुसासाठी थांबवेन. मोर्च्यासाठी नाही."

मी म्हटलं, "पुरावा?"

दादा ओरडला, "मित्रा!"

"विचारू दे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाईल काढला. सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो. पहिला, मी आले त्या दिवशीचा. मोठ्या, गोल, बटबटीत पेशी. पोटात जांभळ्या कण्या ठासून भरलेल्या, आणि त्यात सुयांच्या जुड्या, सरपणाची मोळी बांधावी तशा. मी शहारले. हे माझ्या आत होतं. हे घेऊन मी भाषणं करत होते.

दुसरा फोटो सकाळचा. पेशीच्या आतल्या केंद्रकाचा एकच मोठा गोळा मोडून तीन-चार तुकडे झालेले, धाग्यात ओवल्यासारखे. "जाणती पांढरी पेशी अशी दिसते," मॅडम म्हणाल्या. मग बोटानं फोटो मोठा केला. "आता ही बघ. ओवलेली, जाणती. पण हिच्या पोटात काय आहे?"

एक सुई. बारीक, लालसर, एकटी.

"ही सुई निरोगी पेशीत सापडत नाही. म्हणजे ही बाहेरून आलेली नवी पेशी नाही. ही तुझी तीच अडकलेली, जुनी. मोठी झालेली. जुनी खूण अजून पोटात घेऊन."

मला इतका धक्का कॅन्सर ऐकून बसला नव्हता. मला मारायला निघालेली पेशी मोबाईलच्या काचेवर चांगली पेशी होऊन बसली होती, आणि तिच्या पोटात अजून पुरावा होता.

अंबादास वाकून बघत होता. "पण अडकल्याच कशाला?" तो म्हणाला.

पक्का रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी समजावलं होतं ते मी त्याला मास्कमधून, थांबत थांबत, त्याच्या भाषेत सांगितलं. चादरीच्या मागावर जेकार्डचे पुठ्ठे असतात ना, भोकं पाडलेले, दोरीनं ओवलेले. सूत तेच, पण पुठ्ठा सांगेल ती नक्षी उठते. माझ्या पेशीत दोन वेगळ्या नक्षीच्या पुठ्ठ्यांचे तुकडे मोडून एकमेकांना जोडले गेलेत. मॅडमनी मान हलवली, बरोबर म्हणून.

"मग माग बंद पडत नाही अक्का," अंबादास म्हणाला. "चालूच राहतो. नुसता घोळ विणत बसतो."

"तेच झालंय. मग तुम्ही काय करता? माग जाळता?"

"येडी का काय! ती चुकीची जोडणी काढायची."

"ही दोन औषधं तेच करतात."

मॅडमच्या हातातला कागद घेऊन माझ्याकडं सरकवत तो म्हणाला, "मग पहिली मागणी काय ठेवायची?"

मी ओळ खोडली. रेघ वाकडी गेली, पण ओळ गेली. दादानं ते पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला. मला वाटलं, गेला आता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात चपला होत्या, पुरुषांच्या, मोठ्या मापाच्या. खाली बसून त्यानं त्या माझ्या सुजलेल्या पायांत घातल्या. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पत्रक छापलंच

प्रेसवाला खोळंबलाच होता, तर त्याला रिकाम्या हातानं कशाला पाठवायचं? त्याच कागदाच्या पाठीवर मी तुटक तुटक सांगितलं आणि अंबादासनं लिहिलं.

'हिरड्यांतून रक्त येतंय? मार न लागता अंगावर डाग उठतात? पाळी थांबत नाही? बीट नंतर खा! आधी रक्ताच्या पेशी मोजून घ्या! डॉक्टर नको म्हणाले तर का नको ते विचारा!'

उद्गारचिन्हं एकेकच ठेवली. दवाखान्याच्या फाटकावर जमणारी पोरं मग कारखान्यांच्या फाटकांवर गेली, आणि घराजवळच्या त्या डॉक्टरांच्या पायरीवरही. ते भडकले म्हणे. भडकू देत. मी त्यांचं नाव छापलं नाही, हीच माझी मेहेरबानी. माझं जाऊ द्या, पण त्यांच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आजही डाळिंब असेल.

स्टेरॉइडनं धाप उतरली. ताप उतरला. सूज आठवडाभरात गेली आणि दादाच्या चपला मोठ्या व्हायला लागल्या. मी त्या तरीही घालत होते.

तेवढ्यात अंबादास तणतणत आला. शुक्रवार पेठेतला वैद्य गिऱ्हाइकांना सांगत होता, "बघा, त्या पत्रकवाल्या ताईलाही शेवटी सोमलच लागला. आम्ही काय वेगळं देत होतो?"

मला इतका संताप आला की नर्स धावत आली. अरे माणसा, तू ईसीजी काढतोस? क्षार बघतोस? मोजून देतोस, की चिमटीनं? कुठला आजार आहे ते तुला ठाऊक असतं? बिघडलं तर थांबवणार कोण, तू? माझा सोमल ज्या एका चुकीच्या जोडणीवर लागू पडतो ती जोडणी सांध्याच्या दुखण्यात नसते, अशक्तपणात नसते. कुलपाची किल्ली हातात आहे म्हणून ती कुणाच्याही डोळ्यात खुपसायची नसते. हे वाचून कुणी घरी पुडी आणणार असेल तर त्याला हात जोडून सांगते, नको. माझ्या नावावर तर मुळीच नको.

भेटायला आलेली एक आत्या मला निरखून म्हणाली, "केस तर हायेत की! मंग कसला कॅन्सर?" जणू मी तिची फसवणूक केली. मी म्हटलं, "आत्या, पुढच्या वेळी टक्कल करून बसते." आई हसली. किती दिवसांनी हसली ते मी मोजलं नाही.

पुन्हा मगज

पुन्हा कुल्ह्याच्या हाडातून मगज काढला. पुन्हा ओरडले. मग वाट बघणं. एवढ्या सगळ्यात वाट बघण्याइतकं वाईट काही नाही. भूल नाही त्याला, औषध नाही. दादा व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. शांतव्वा आपल्या खाटेवरून मला दटावत होती, "उभी कशाला? यव्वा, बस की. उभं राहून रिपोर्ट बदलतो का?"

आई मात्र बसून होती. या सगळ्या काळात तिनं एकदाही कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. ल्युकेमिया, आर्सेनिक, यातलं काही तिच्या तोंडी आलं नाही. सोमलाला ती शेवटपर्यंत 'त्ये पाणी' म्हणत राहिली. पण बाटली लागली की ती समोर बसायची, आणि संपली की नर्सच्या आधी तिला कळायचं.

मॅडम आल्या. नेहमीसारख्याच भरभर. खाटेपाशी येऊन म्हणाल्या, "मगजात रोगाच्या पेशी दिसत नाहीयेत. औषध अजून कैक महिने चालेल, येऊन जाऊन घ्यायचं. पण आता घरी जा."

दादा खाली बसला, फरशीवरच. माझ्या कानात नुसती घंटा वाजत होती. मी ऐकलं ते खरं की काय, म्हणून पुन्हा विचारणार होते. पुरावा मागणार होते. पण आईनं आधी तोंड उघडलं. मॅडमकडं बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, तिनं विचारलं,

"निसवली का?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांना अजूनही तो शब्द ठाऊक नव्हता.

मी म्हटलं, "व्हय आई. निसवली."